ट्रंककॉलचं गाणं

"नलूअक्का का?"

पुण्यात मला नलू म्हणणारं कुणी नव्हतं, अक्का म्हणणारं तर नाहीच. सासरी मी नलिनी, सोसायटीत जगदाळे वहिनी. त्यामुळे राँग नंबर म्हणून मी फोन ठेवणारच होते.

"मी सोलापूरहून अंबादास बोलतोय. अंबादास चिट्याल. राजम्मांचा मुलगा. तुमचं दिवाळीचं कार्ड येतं ना दरवर्षी, त्यावर नंबर होता."

"अंबादास! अरे, अम्मा बऱ्या आहेत ना?"

"आहेत. म्हणजे जानेवारीत झटका आला. उजवी बाजू गेली होती, आता हात-पाय जरा हलतायत. पण वाचा गेली. मराठी नाही, तेलुगू नाही. नुसतं 'अदी, अदी' करते. अदी म्हणजे 'ते'. पाणी पाहिजे तरी अदी, उशी पाहिजे तरी अदी. आम्ही घरभर एकेक वस्तू उचलून दाखवतो आणि ती चिडते."

मी खुर्ची ओढून बसले. त्याचं बोलणं संपलं नव्हतं.

"आणि अक्का, ती गुणगुणते. रोज. एकच चाल. भजनातली आहे का बघितलं, लग्नातली आहे का बघितलं, कुणाला ओळखू येईना. तुम्ही इथं होता त्या वर्षांत मी मामाकडं इचलकरंजीला शिकायला होतो. बायको म्हणाली, माडीवर टेलिफोनच्या पोरी राहायच्या म्हणतात, त्यांचं तर नसेल? ऐकवू का? आत्ता चालूच आहे."

त्यानं फोन अम्मांजवळ नेला. आधी पंख्याची घरघर आली, मग कुणाचा तरी श्वास, आणि मग ती चाल. बारीक, तुटक, पण सुरात. मी पाच वर्षं ऑपरेटर होते. कानात आलेला आवाज ओळखणं हेच माझं काम होतं. ही चाल माझ्या ओळखीची होती, अगदी घरची होती. पण शब्द? एकही नाही. रस्त्यात कुणीतरी हसून हात करावा आणि आपल्याला नाव आठवू नये, तसं झालं.

"ओळखीची आहे," मी म्हटलं. "पण शब्द आठवत नाहीत रे."

"मग येता का?" त्यानं विचारलं.

मी "येते" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत मी सोलापुरात एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. दरवर्षी कार्ड टाकत होते, तेवढंच.

ही दोन हजार तीनच्या मार्चमधली गोष्ट. तेव्हा मी पन्नाशीची होते.

बहात्तर ते सत्त्याहत्तर अशी पाच वर्षं आम्ही तिघी चिट्यालांच्या माडीवर राहिलो. मी बार्शीची, मुमताज अक्कलकोटची आणि विमल कोष्टी विट्याची. तिघी टेलिफोन एक्स्चेंजला. घर पूर्व भागात, कन्ना चौकाच्या मागच्या गल्लीत. खाली मागच्या शेडमध्ये चादरींचे चार माग दिवसभर खडखडत. जिन्याच्या पायथ्याशी अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. भोवती शेजारणी, त्यांची पोरं, सुताची बंडलं, पाहुणेरावळे. त्या घरात कुजबुजून कुणाला काही सांगायची सोयच नव्हती. बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडायचंच तर गाऊन का नको, असं विमलचं म्हणणं.

ड्यूटी संपवून आलो की भाजी निवडता निवडता गाणं सुरू. विमल शब्द जुळवायची, मी गायची, मुमताज जर्मनचं पातेलं वाजवायची. विमलचा आवाज बसका होता. ती म्हणायची, "गाणं माझं, गळा नलूचा. दोघी मिळून एक गाणारी बाई होते." खालून अम्मा ओरडायच्या, "ए पोरगी! तुमचा गाणं बंद कर, माझा पान फाटतंय!" अम्मांच्या मराठीत कोण बाई आणि कोण पुरुष याला काही धरबंध नव्हता. आम्ही तोंडावर पदर धरून हसायचो आणि आणखी वरच्या पट्टीत गायचो. त्यांना आमच्या गाण्याचा वैताग येतो, अशीच आमची समजूत होती.

मुमताज लातूरला असते हे मला माहीत होतं. फोन केला तर ती म्हणाली, "मी पण निघाले. स्टँडवर भेट. ओळखशील ना? जाडी झालेय."

ओळखली नाहीच. सोलापूरच्या स्टँडवर लिंबूसोड्याच्या गाड्याजवळ एक चष्मेवाल्या बाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी नजर फिरवली. तेवढ्यात त्या बाईंनी नाकातून आवाज काढला, "सोलापूर बोलतंय, बोला, कुठलं गाव पाहिजे?"

"मुमताज!"

"काय बे नलू, किती वेळ बघतेयस! मला वाटलं, पुण्याला जाऊन गर्व झाला."

भर स्टँडवर आम्ही एकमेकींना मिठी मारली. मग रिक्षात बसून ती चाल आठवायला लागलो. मी गुणगुणले. मुमताज बोटांनी गुडघ्यावर ठेका धरत होती. "हाताला येतंय गं," ती म्हणाली, "तोंडाला येत नाही." दोनतीन गाण्यांची सुरुवात आठवली, तीही अर्धवट. पाच वर्षं रोज गायलेल्या बाया आम्ही, आणि दोघींत मिळून एक धड कडवं निघेना. रिक्षावाला आरशातून बघत होता. शेवटी म्हणाला, "रेडिओ लावू का, मावशी?"

गल्ली तीच होती. पण घरासमोर उभी राहिले आणि चुकून दुसरीकडे आलो की काय, असं वाटलं. आवाजच नव्हता. माग विकून दहा वर्षं झाली होती, अंबादास आता टॉवेलच्या कारखान्यात जात होता. शेडमध्ये दोन मोटरसायकली आणि एक जुनं कपाट. जिन्याखाली कुणी बसलेलं नव्हतं.

अंबादासची बायको पद्मा हसतमुख, चटपटीत. तिनं पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. तुम्ही तोवर माडी बघून या ना. उघडीच आहे."

माडीवर चादरींचे खोके रचले होते. खिडकीपाशी मात्र जागा मोकळी होती. तिथं आमच्या तीन खाटा एकीला एक लागून असायच्या. मुमताज एका खोक्यावर बसली आणि पदरानं वारा घेत म्हणाली, "एक विचारू? तू कधीच का आली नाहीस? मी दोनदा येऊन गेले. विमल असताना एकदा, ती गेल्यावर एकदा."

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं.

माझं लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी नोकरी नको म्हणून कळवलं होतं. मी राजीनामा लिहायला बसले. विमल म्हणाली, "बदली माग की पुण्याला. राजीनामा कशाला?" मी म्हटलं, त्यांना नकोय. ती म्हणाली, "आणि तुला?" मला उत्तर देता येईना, म्हणून मला राग आला. मी तिला म्हणाले, "तुला काय कळणार? तुला विचारणारं घरी आहे कोण?"

विमलचे आईवडील ती लहान असताना गेले होते. काकांकडे वाढलेली पोर.  तिनं चपला घातल्या आणि ड्यूटीला गेली. माझ्या लग्नाला आली नाही. मी तीनदा पत्र लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. पुढच्या वर्षी लिहू, असं म्हणत राहिले. ब्याऐंशी साली काविळीनं ती गेल्याचं तूच कळवलंस, मी मुमताजला म्हणाले. त्यानंतर इथला जिना कुठल्या तोंडानं चढणार होते?

मुमताजनं चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाली, "तुझ्या लग्नानंतर तीन महिन्यांत माझी लातूरला बदली झाली. पुढं पाच वर्षं ती इथं एकटीच होती. भेटले तेव्हा तुझ्याबद्दल मी काही विचारलं नाही, तीही बोलली नाही. आम्ही दोघी नुसतं पिक्चर बघून आलो."

तेवढ्यात खालून ती चाल ऐकू आली.

आम्ही दोघी पन्नाशीच्या बाया त्या जिन्यावरून अशा उतरलो, की पद्मा ओरडलीच, "सावकाश, सावकाश!"

अम्मा कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. केस पांढरेशुभ्र, चेहरा एका बाजूला किंचित ओढलेला. आम्हाला बघून गुणगुणणं थांबलं. डोळे बारीक केले. मग डावा हात वर करून एक बोट माझ्याकडे, एक मुमताजकडे.

"अदी," त्या म्हणाल्या. "अदी! अदी!" आणि हसायलाच लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. मी त्यांचा हात धरला. तळव्यावरचे विड्यांचे घट्टे अजून तसेच होते.

"अम्मा, ते गाणं म्हणा ना," मुमताज म्हणाली.

अम्मांनी पुन्हा चाल धरली. मी सुरात सूर मिसळला. गळा गंजलेला, पहिल्यांदा नुसता खर्र आवाज आला. सासरी माझं गाणं कुणी बंद केलं नव्हतं, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. पहिले दोन महिने लाजेनं गायले नाही. मग कुणी विचारलं नाही. मग मीच विसरले. एवढं साधं ते. पण दुसऱ्या खेपेला सूर लागला. मुमताजनं पद्माकडून पातेलं मागून घेतलं आणि उपडं मांडीवर ठेवलं. स्टीलचं होतं, आवाज काही तो नव्हता, पण ठेका तोच. धिन धिन ताक धिन. चौथ्या की पाचव्या खेपेला ठेका देता देता तिच्या तोंडातून निसटलं,

"लाव गं बाई, लाव गं..."

ती थांबली. मी तिच्याकडे बघितलं. आणि आमच्या दोघींच्या मधून तिसराच आवाज आला. जाड, अडखळता, पण स्वच्छ:

"लाव गं बाई लाव गं, नंबर माझा लाव गं
बार्शीवाला बोलतोय, सांगत नाही नाव गं!"

पद्माच्या हातातला तांब्या खाली पडला. "अहो! अहो, इकडं या! बोलल्या! आत्या बोलल्या!" अंबादास बाहेरून धावत आला. अम्मा थांबल्या नाहीत. तीन महिने 'अदी'खेरीज शब्द न निघालेल्या बाई मान डोलावत गात होत्या. आमचं गाणं. ट्रंककॉल लावणाऱ्या पोरींचं, विमलनं केलेलं.

"सांगलीवाला विचारतोय हळदीला गं भाव गं
अक्कलकोटच्या पावण्याला रेल्वेचंच नाव गं!"

आता आम्हालाही आठवायला लागलं. एक ओळ आली की पुढची हात धरून यायची. आमच्या सुपरवायझर टांकसाळे बाई कॉल जोडायची कॉर्ड नीट लावली नाही की मागून येऊन खांद्यात बोट खुपसायच्या, त्यांचंही कडवं होतं, आणि ते अम्मांनी सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं:

"टांकसाळे बाई आल्या, पोरी घेती धाव गं
मानेवरती काटा येतो, कशाला ते भ्याव गं!"

शेजारच्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. अंबादास हसत होता, रडत होता, मध्येच टाळ्या वाजवत होता. आमचं गाणं तिथं संपायचं. मुमताजनं पातेल्यावर शेवटची थाप मारली. मी श्वास घेतला.

अम्मा मात्र थांबल्या नाहीत. आमच्याकडे न बघता, जिन्याकडे बघत, जरा सावकाश त्या पुढं गायल्या:

"नलू गेली पुण्याला, सुनं केलं गाव गं
लाव गं बाई लाव गं, नंबर तिचा लाव गं."

मी मुमताजकडे बघितलं. तिनं मान हलवली. हे कडवं तिलाही ठाऊक नव्हतं.

अम्मांनी ते पुन्हा म्हटलं. 'नंबर तिचा' म्हणताना त्यांनी माझ्या हाताला हलकासा हिसका दिला, जणू मला कळलं नसेल. कळलं होतं. आमच्या घरी शहाऐंशी साली फोन आला. विमल त्याच्या चार वर्षं आधी गेली. साऱ्या महाराष्ट्राचे कॉल जोडणाऱ्या पोरीला माझा नंबर लावता आला नाही, कारण मला नंबरच नव्हता. एक पत्र मात्र मी टाकू शकले असते.

मी अम्मांच्या मांडीवर डोकं टेकलं. त्यांचा डावा हात माझ्या पाठीवर फिरत होता. घरात सगळे गप्प झाले. मग अम्मांना ते गप्प बसणं आवडेना असं दिसलं. त्यांनी माझ्या पाठीवर दोन चापट्या दिल्या, पद्माकडे मान वळवली आणि त्याच चालीत गायल्या:

"लाव गं बाई लाव गं... चहा... थोडा लाव गं!"

क्षणभर कुणाला समजलंच नाही. मग पद्मा "अगंबाई, चहा मागितला!" म्हणून किंचाळली आणि स्वयंपाकघरात पळाली. दारातल्या बाया हसत सुटल्या. मुमताज तर हसून हसून खोकायला लागली. तीन महिने त्या घरात चहाच्या वेळी उशी, चादर, चष्मा, औषध सगळं दाखवून झालेलं. साधा चहा हवाय हे कुणाला कळत नव्हतं. आता तो गाऊन मागता येत होता.

एका दिवसासाठी गेलेल्या आम्ही तीन दिवस राहिलो. अम्मांनी त्या चालीवर पाणी मागितलं, पंखा मागितला, शेंगाचटणी मागितली. अंबादास दाढी न करता समोर आला तर त्याचंही एक कडवं झालं. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, असं होतं कधीकधी, बोलायची वाट बंद झाली तरी गाण्याची उघडी राहते, त्याच वाटेनं आणा शब्द. आम्हाला तेवढंच हवं होतं. गल्लीतल्या म्हाताऱ्या दुपारी येऊन बसायला लागल्या. त्यांनी आपापली तेलुगू गाणी काढली. तिसऱ्या दिवशी पद्मा म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात एवढा कालवा ऐकला नव्हता."

पुण्याला परतल्यावर रोज दुपारी चारला मी फोन करायची. हे तेव्हा कामावर असायचे. अंबादासची मुलगी रिसीव्हर अम्मांच्या कानाला लावायची. मी एक ओळ म्हणायची, अम्मा पुढची. हळूहळू ओळीतले काही शब्द चालीबाहेर यायला लागले. आधी सुटे, मग दोनदोन. जूनमध्ये एक दिवस मी गायला सुरुवात करणार, तर अम्मांनीच मला थांबवलं.

"नलू," त्या म्हणाल्या. गायल्या नाहीत, म्हणाल्या. "ऐक. विमल... रोज खाली यायचा. माझ्याजवळ बसायचा. विडीला दोरा बांधायचा, गायचा. आवाज... लई खराब!"

मी हसले. त्याही हसल्या.

"मी विचारलं, नलूवर राग आहे? तर म्हणाला, राग कसला अम्मा. नलू येतो. उशीर होईल, पण नलू येतो. तोवर... गाणं विसरू नका. मी विसरलं नाही."

एवढं बोलून त्या दमल्या. मुलीनं फोन घेतला आणि म्हणाली, आजी झोपते आता. मी रिसीव्हर ठेवला आणि तिथंच खुर्चीवर बसून राहिले. रडले, हे खरं. पण छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं मोकळं वाटत होतं.

अम्मा त्यानंतर साडेचार वर्षं होत्या. चांगल्या बोलायला लागल्या, अंबादासला शिव्यासुद्धा द्यायला लागल्या. मुमताज आणि मी दर मार्चला जात राहिलो.

पण मला सांगायचंय ते जूनमधल्या त्या फोनच्या दिवशीच्या संध्याकाळचं. मी ओट्याशी उभी राहून पोहे परतत होते आणि गात होते. किती मोठ्यानं, ते माझं मलाच कळलं नाही. मागं वळले तर हे दारात उभे. एका पायात बूट, एक हातात.

मी गप्प झाले. लग्नाला सव्वीस वर्षं झालेली आणि मला नव्या नवरीसारखी लाज वाटली.

"बाहेर जिन्यात ऐकू येतंय," हे म्हणाले. "मला वाटलं, शेजारच्यांनी रेडिओ लावलाय."

"मीच होते."

"ते कळलं आता." त्यांनी हातातला बूट हळूच खाली ठेवला, स्वयंपाकघरातलं स्टूल ओढलं आणि बसले. "थांबलीस का? त्या सांगलीवाल्याला हळदीचा भाव कळला का नाही?"

मी गॅस बारीक केला आणि पुढचं कडवं घेतलं.